निर्माल्याची टोपली

गोदावरीच्या घाटावर ती रोज सकाळी टोपली घेऊन उभी असते. कुणी निर्माल्य पाण्यात टाकायला वाकलं, की आडवी येते.

"आणा इकडं, दादा."

फुलं कपाळाला लावून टोपलीत घालते आणि प्लॅस्टिकची पिशवी ज्याची त्याच्या हातात परत देते. "ही घरी न्या. देवाला पिशवी नाय वाहिली तुम्ही."

या फुलांचं ती बायकांच्या गटात खत करते. मखमलाबादकडचे झेंडूवाले ते विकत नेतात, त्यावर तिचं घर चालतं. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. मी तर हल्ली फुलं कागदातच नेतो.

परवा तिच्या जागी गटातली दुसरी बाई टोपली घेऊन उभी होती. ती स्वतः खालच्या पायरीवर बसली होती. नवऱ्याचा दहावा होता. विधी उरकल्यावर दीर फोटोचा हार नदीत सोडायला निघाला, तशी ती उठली.

"भावजी, इकडं द्या."

"वहिनी, आज तरी राहू द्या!"

"लोकांचे रोज अडवते. घरचा कसा सोडू?"

तिनं हारातला नायलॉनचा दोरा ओढून काढला. फुलं कपाळाला लावली, क्षणभर तशीच धरली आणि टोपलीत घातली. दोरा दिराच्या हातात दिला.

"हा घरी न्या."