भाड्याची हिरवळ

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील सभेहून परतले की त्यांच्या खिशात घडी घातलेलं एखादं पत्रक असे, आणि मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. हक्क, वेठ, शोषण हे शब्द मला त्यामुळे लवकर कळले. हिरवळ हा शब्द आमच्या बोलण्यात नव्हता. तो सोलापुरात भाड्याचं घर शोधताना आला.

वडील रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. पगार नियमित होता, पण घर मिळत नव्हतं. घरमालक आधी गाव विचारत, मग आडनाव, आणि मग ते घर आदल्याच दिवशी दुसऱ्याला दिलेलं निघे. शेवटी शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत एक मालक भेटले. शुक्रवार पेठेत त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. दुकानातला पैसा ते भाड्याच्या घरांत घालू लागले होते आणि प्रत्येक घरापुढे त्यांनी हिरवळ लावून घेतली होती. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यापुढे त्यांनी ती पाहिली होती. पुढे हिरवं दिसलं की चांगला भाडेकरू येतो आणि टिकतो, असं त्यांचं मत. त्यांनी वडिलांचं आडनाव ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लानला रोज पानी घालनार का?"

"घालतो," वडील म्हणाले.

त्या एका शब्दावर आम्हाला घर मिळालं. आईला पहिल्यांदाच घरातला नळ मिळाला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि तो नळ पहाटे थोडा वेळ ठिबकून गप्प बसू लागला. आई आंघोळीचं पाणी मोरीत वाहू देत नसे, बादलीत धरायची. ऑफिसला जाण्याआधी वडील ते गवतावर शिंपडत. मी कॉलेजात होते. मी साफ नकार दिला.

"आपण घर भाड्याने घेतलंय, मालकाची चाकरी नाही. गवत त्यांचं, गवताच्या जोरावर भाडं वाढवणार ते, आणि पाणी आपलं? ही वेठ आहे."

"पत्रक संपलं?" वडील म्हणाले. "मग बादली दे."

मी दिली नाही. त्यांनी स्वतः उचलली.

दर सोमवारी आप्पा देवळातून परस्पर येत. फाटकाशी चपला काढून गवतावर अनवाणी फिरत. जिथे ते वाळलेलं लागे तिथे थांबत. ते थांबणं मला बोलण्यापेक्षा जास्त झोंबत असे.

एका रविवारी वळसंगहून मामा आला. आम्ही सगळे एका लग्नाला गेलो, तिथे त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं म्हणून तो घरीच राहिला. संध्याकाळी परतलो तर घरापुढे नुसती काळी माती. कोपऱ्यात राखेचा ढीग धुमसत होता. मामा कुदळीवर हात ठेवून उभा होता, घामाने भिजलेला आणि खूश.

"अक्का, तुज्या दारात हरळी माजली हुती की! मुळासकट काडली आन् पेटवून दिली. आता मिरच्या लाव हितं."

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हरळीइतका दुसरा वैरी नाही. तिचं एक पेर जमिनीत राहिलं तरी ती पुन्हा शेत धरते. मामाचा जन्म ती खणून जाळण्यात गेला होता. ती कुणी मुद्दाम लावेल हे त्याच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

आई पायरीवर बसली. "आरं, ती आप्पांनी लावल्याली हाय."

मामा हसला. "हरळी कुनी लावतंय व्हय?" मग त्याने वडिलांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. "दाजी?"

"बरं झालं," मी म्हणाले.

वडील माझ्याकडे वळले. "आता कुठल्या मालकाला आडनाव सांगायला जायचं, ते तुझ्या पत्रकात दिलंय का?"



सोमवारी आप्पा आले. सवयीने चपला काढल्या, पुढे पाहिलं आणि पुन्हा घातल्या.

"साहेब, पानी घालनार का म्हनून इचारलं हुतं. उपटनार का म्हनून इचारायचं राहिलं बगा."

वडिलांनी झालेलं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. "पुढच्या सोमवारी लान दिसली पाहिजे. न्हाय तर घर मोकळं करा."

"कायद्याने असं कुणाला..." मी सुरू केलं. आईने माझा दंड घट्ट धरला. तेवढ्यात मामा पुढे झाला आणि कन्नडमध्ये बोलू लागला. आप्पांनीही कन्नडमध्येच उत्तर दिलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मध्येच आप्पा मोठ्याने हसले. मामा हसला नाही. आईने नंतर सांगितलं. मामा म्हणाला होता, मी गावाकडनं आणून लावतो. आप्पांनी विचारलं, असल्या दुष्काळात हिरवं कुठलं आणणार? मामाने सांगितलं, शाळू जळला, जनावरं गेली, ती रांड तेवढी विहिरीच्या पाटाकडेला हिरवीगार आहे.

चार दिवसांनी तो एसटीने पोतं घेऊन आला. गाडीत गावची माणसं होती. औषधाला नेतोय, असं त्याने त्यांना सांगितलं होतं. मग रस्त्याकडे पाठ करून तो बसला आणि एकेक पेर अंगठ्याने मातीत दाबू लागला.

"पोरी, पानी आन."

मी आणलं. माझं मत बदललं नव्हतं. मालकाच्या गवताची निगा मालकाने करावी, हे मी आजही म्हणेन. पण पाणी मामाने मागितलं होतं.

सोमवारी आप्पांनी पायाच्या बोटाने एक पेर हलवून पाहिलं. ते मातीत घट्ट होतं. "लागंल," म्हणाले आणि गेले. आम्ही त्या घरात राहिलो.

मामा पुढेही येत राहिला, पण मागच्या बोळातून, स्वयंपाकघराच्या दाराने. पुढून ये की, असं आई म्हणाली तर म्हणायचा, "नगं अक्का. दिसली की हात शिवशिवत्यात."