डावऱ्याची उंची

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बेळगावातल्या आमच्या बास्केटबॉलच्या मैदानाबाहेर तो रोज संध्याकाळी स्कूटर लावायचा, कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवायचा आणि आतल्या सगळ्यांचा उद्धार करायचा. कॉलेजवाले खेळाच्या कोट्यातून कुणाला घेतात, यावर त्याचा भलता राग.

"बाजारात म्हशी बघितल्यागत पोरं बघत्यात रं! उंच दिसला की दिली सीट. हातात खेळ हाय का न्हाय, कोण बघतंय?"

मग ओघानं कंग्राळीचा डावरा यायचा. हा डावखुरा गडी पूर्वी रेल्वेच्या संघात पगारावर खेळलेला आणि आता सगळ्यांनी विसरलेला. "एवढा हुता!" म्हणत तो हात उंच करायचा. हात दरवर्षी थोडा वर सरकायचा. यंदा तर टाचाही उचलाव्या लागत होत्या.

परवा एक बुटका म्हातारा भाजीची पिशवी घेऊन शेजारी उभा राहिला. सगळं ऐकून म्हणाला, "एवढा उंच नव्हता, अण्णा."

"तुमी बघितलाय काय त्याला, आप्पा?"

"बघतो की रोज. दाढी करताना."

यानं त्याला चपलेपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "जावा आप्पा घरला. डावऱ्याचं नाव सांगत कुणीबी येईल हितं."

म्हातारा हसला, डाव्या हातानं टोपी सारखी केली आणि निघाला. ज्याला जग विसरलं म्हणून हा रोज गळा काढायचा, त्याला यानंच भाजीसकट वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी डावऱ्याची उंची दाखवायला तो स्कूटरवर चढला.