भिंतीपलीकडचं दुसरं कडवं

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि लिहिताना चुका फार होतात, त्याबद्दल माफ करावं. मी चौथीपर्यंतच शिकले. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण उद्या माझ्या लेकीच्या गळ्याला असं काही झालं, किंवा दुसऱ्या कोणाच्या, तर तिने घाबरू नये म्हणून लिहून ठेवते.

गोंदियाच्या डॉक्टरांनी माझ्या गळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "गिळा." मी आवंढा गिळला. त्यांच्या बोटाखाली काहीतरी वर सरकलं. "थायरॉईडची गाठ आहे," ते म्हणाले. थायरॉईड म्हणजे गळ्यात पुढच्या बाजूला असणारी एक ग्रंथी. ती सगळ्यांनाच असते. माझी सुजून वाढली होती आणि मी ती वर्षभर पदराखाली झाकत होते.

आधी सोनोग्राफी झाली. मग एफएनएसी, म्हणजे बारीक सुई टोचून गाठीतला थोडा अंश तपासायला घेतात. मुंगी चावल्यासारखं होतं, त्याहून जास्त नाही. रिपोर्टची वाट पाहणंच कठीण गेलं. बाकावर प्रत्येकाबरोबर कोणी ना कोणी होतं. माझ्याजवळ पिशवी होती.

डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही. पण गाठ श्वासनळी दाबते आहे, काढावी लागेल. आवाजाची नस तिथूनच जाते. आम्ही जपून करू. तरी आवाज काही दिवस बसू शकतो. क्वचित कायमचा."

मी विचारलं, "गाता येईल का?"

"गाता का तुम्ही?"

मी लाजून नाही म्हटलं. परतीच्या गाडीत त्या 'नाही'चं वाईट वाटत राहिलं.

मी एकच गीत गाते. देवाच्या उपकारस्तुतीचं, मराठी, आईने शिकवलेलं. बालाघाटच्या आमच्या चर्चमध्ये सगळं हिंदीत चालतं. आई गेली. माझे मालक भरवेलीच्या खाणीत होते, ते टाळी धरायचे, तेही गेले. लेक बिलासपुरात, तिला मराठी वाचता येतं, पण बोलणं-गाणं सगळं हिंदीतच. तेव्हापासून ते गीत माझ्या एकटीजवळच राहिलं. संध्याकाळी चुलीजवळ हळू आवाजात म्हणायची. दिवसभरात माझं बोलणं होतं ते तेवढंच.

आमच्याकडे बरं झालेला माणूस उपासनेत उभा राहून स्वतः आभाराचं गीत उचलतो. मी ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी पाळकांकडे गेले.

ते म्हणाले, "बहनजी, धन्यवाद तो ठीक होने के बाद देते हैं."

"बाद में आवाज न रही तो?" मी म्हटलं. त्यांनी मला पुढे उभं केलं.

पहिलं कडवं मी म्हटलं. कोणाला येत नव्हतं, त्यामुळे कोणी साथ दिली नाही. ढोलकवाला हात वर धरून थांबला होता. दुसऱ्या कडव्याला श्वास पुरला नाही आणि मी खाली बसले. सगळे मायेने आमेन म्हणाले. पण देवाचे आभार अर्धेच झाले, असं मनाला लागलं.

ऑपरेशनला शेजारची सुमनताई सोबत आली. खाणीच्या क्वार्टरमध्ये तिची आणि माझी भिंत एकच आहे. ती बुद्धविहारात जाते, मी चर्चमध्ये. ऑपरेशनसाठी तिनेच मला आपल्या भिशीचे पैसे उसने दिले होते. शुद्धीवर आल्यावर गळ्याला पट्टी आणि एक नळी होती. बोलायला गेले तर नुसती हवा निघाली.

डॉक्टर म्हणाले, "वेळ लागेल. रोज थोडं थोडं बोला."

घरी आल्यावर बोलणार कोणाशी? लेकीचा फोन यायचा. "माँ? हैलो? लगता है नेटवर्क नहीं है," म्हणून ती ठेवून द्यायची. मी इकडे बोलतच असायची.

असाच एक महिना गेला. एका संध्याकाळी दिवा लावायलाही उठले नव्हते. भिंतीपलीकडून सुपाचा आवाज येत होता, सुमनताई तांदूळ पाखडत होती. आणि त्या तालावर माझं गीत ऐकू आलं. शब्द अर्धेमुर्धे, पण चाल बरोबर. पहिलं कडवं संपवून ती सरळ दुसऱ्यावर गेली.

मी भिंतीला पाठ लावून बसले. ओठ हलवले. घोगरी, चिरकी एक ओळ बाहेर पडली.

सूप थांबलं. "एस्तेर, तूच गाऊन राह्यली का व?"

"हौ."

"मंग मोठ्यानं म्हण ना. मले तिसरं येत नाही. तिथं पोचेपर्यंत तुयी भाकर होऊन जाते अन् तू चूप बसतं."

"तुले कसं येते हे?"

"काहून नाही येईन? इतके वर्सं ऐकून राह्यली. या भिंतीले बी पाठ झालं असन."

तिसरं मी म्हटलं. आवाज फाटला तरी शेवटपर्यंत नेलं.

आता आवाज आला आहे, पहिल्यापेक्षा जाड. चर्चमध्ये पुन्हा उभी राहून मी ते गीत पूर्ण केलं. तिथे अजूनही ते कोणाला येत नाही. मी देवाकडे आवाज मागितला होता. पलीकडे कोणी ऐकत असेल, हे मागायचं मला सुचलंही नव्हतं.

ब्लाउज शिवून शिवून साठवलेले शेवटचे पैसे काल सुमनताईला नेऊन दिले. तिने न मोजता पदराला गाठ मारली.

"झाले का व सारे?"

"हौ, सारे."

"मंग पैसे फिटले म्हणून आता गानं बंद करशीन का काय?"

संध्याकाळी पहिलं कडवं मी उचललं, दुसरं तिने. तिचे फक्त पैसे फिटले.