टाकीतल्या पाण्याचा चहा

द्दा बिहींनी एकतीस वर्षं तिझनीत गावापासून अगादीरपर्यंत बस चालवली. (आमच्याकडे थोरल्या पुरुषाला मानाने द्दा म्हणतात आणि बाईला लल्ला.) निवृत्त झाले आणि आठवड्याभरातच बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय खुर्चीखाली अ‍ॅक्सिलरेटर शोधू लागला. शेवटी गुडघे गेलेल्या एका फ्रेंच म्हाताऱ्याकडून त्यांनी जुनं मोटारहोम घेतलं. आत पलंग, शेगडी, बेसिन आणि सीटखाली नव्वद लिटरची पाण्याची टाकी. गाडी दाखवताना इंजिनापेक्षा नळ जास्त दाखवायचे.

"बघ, फिरवला की पाणी! भर रस्त्यात!"

मी शेजारी राहणारी पुतणी, त्यामुळे तो नळ मी अकरा वेळा पाहिला.

त्यांची बायको लल्ला इज्जा मात्र एकदाच आली. गाडीतल्या पाण्याचा चहा केला, ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि उरलेला बेसिनमध्ये ओतला.

"काय झालं?" द्दा बिहींनी विचारलं.

"पुदिन्याबरोबर चप्पलही उकळलीत का?"

"अगं, नवीन गाडीचा वास असतो तसा!"

"सतरा वर्षांची आहे ती. दाख्लाला पोचायला दोन दिवस. वाटभर मी हे पिऊ? त्यापेक्षा मुलीदच्या बसने जाते."

दाख्लाला इज्जाच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आणि मुलीदला बस शिकवली होती ती खुद्द द्दा बिहींनी. मुलीद ब्रेक दाबतो की झुरळ मारतो, असं ते गावभर सांगत असत. आपली बायको दुसऱ्याच्या बसमध्ये, आणि तीही मुलीदच्या! त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर बाजारात त्यांचं लायसन्स फाडलंय.

लग्नाआधी तीन शुक्रवार होते. ठरलं असं, की दर शुक्रवारी दुपारी कुसकुसचं जेवण झाल्यावर गाडीतल्या पाण्याचा चहा करायचा. इज्जाला पटला तर मोटारहोम, नाही तर बस.

पहिल्या शुक्रवारसाठी द्दा बिहींनी टाकीत दीड डझन लिंबं पिळली. मग टाकी रिकामी करून पुन्हा भरली.

इज्जाने घोट घेतला. "सुधारणा आहे. चप्पल आता आंबट लागतेय."

दुसऱ्या आठवड्यात त्यांना एकदम आपल्या आजीची आठवण झाली. आमच्याकडे जुन्या बायका मातीच्या घागरीला आतून बोटभर कतरान लावायच्या. अरार झाडाच्या लाकडाचं ते काळं, डांबरासारखं तेल. पाण्याला जरा धुराचा वास येतो आणि तहान कशी छान भागते. द्दा बिहींनी हिशेब मांडला: दहा लिटरच्या घागरीला एक बोट, तर नव्वद लिटरला नऊ. टाकीचं झाकण काढून दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले, आणि एक बोट शिल्लक राहतंय म्हणून तेही लावून टाकलं.

आता कतरान उंटाच्या खरजेवरही लावतात. त्या शुक्रवारी गल्लीत येणारा प्रत्येक जण विचारत होता, "बिही, उंट घेतलास?"

इज्जाने ग्लास तोंडाला लावलाही नाही. "ह्या पाण्याने मला खरूज होणार नाही, एवढं नक्की."

"आजीच्या हातचं तर तू मिटक्या मारत प्यायचीस!"

"आजीची घागर मातीची, वास शोषून घ्यायची हो. तुमचं प्लॅस्टिक आहे."

मग सुरू झाली धुलाई. अर्धी टाकी गरम पाणी, त्यात खायचा सोडा, आणि पाणी आत हिंदकळावं म्हणून गावातले सगळे स्पीडब्रेकर. चौकातल्या पोलिसाने शेवटी हात केला.

"अहो हाजी, सातव्यांदा चाललात. वाट चुकलात की काय?"

"टाकी विसळतोय."

पोलीस दोन पावलं मागे सरकला. "जा बाबा, जा."

पाच वेळा विसळली, दोन दिवस नळ उघडे टाकून गाडी वाऱ्यावर ठेवली. कतरान गेलं. तिसऱ्या शुक्रवारी सकाळी द्दा बिहींनी अंगणातली नेहमीचीच हिरवी नळी उचलली आणि टाकीच्या तोंडात खुपसायला निघाले. तेवढ्यात इज्जा पुदिन्याला पाणी घालायला आली. तिने त्यांच्या हातून नळी घेतली, नळ सोडला आणि धारेखाली हात धरून नुसती उभी राहिली.

"अगं, पाणी वाया चाललंय!"

"गरम आहे."

"मग?"

"उन्हात नळीतच शिजलंय ते. रबराचा वास बघा. मी पुदिन्यालासुद्धा घालत नाही, गार येईपर्यंत वाटेवर सोडते."

द्दा बिहींनी नळी नाकाशी नेली. मग टाकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी आकाशाकडे पाहिलं.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही लिंबं पिळत होतात, बोटं मोजत होतात. मला विचारलंत कधी?"

नळी कोपऱ्यात गेली. द्दा बिहींनी स्वयंपाकघरातल्या नळावर दहा लिटरचा कॅन भरून भरून नऊ खेपा केल्या. सहाव्या खेपेनंतर कमरेवर हात ठेवून चालत होते, पण मला कॅनला हात लावू देईनात.

दुपारी गाडीतच चहा झाला. इज्जाने घोट घेतला. तोंडात धरला. गिळला. दुसरा घेतला. द्दा बिहींचा उजवा पाय खाली आता ब्रेक दाबत होता.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

"पाण्याबद्दल काही बोलली नाही ती!" ते माझ्या कानात कुजबुजले, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळू.

"मुलीदला फोन करा," इज्जा म्हणाली. "म्हणावं, खिडकीची जागा दुसऱ्या कुणाला दे."

"तू जागा धरून ठेवली होतीस?"

"मग काय? तुमच्या टाकीवर भरवसा ठेवून भाचीचं लग्न चुकवू?"

द्दा बिही दुखावलेले वगैरे काही दिसले नाहीत. फोन लावला, गाडीच्या दारात उभे राहिले आणि छाती भरून ओरडले, "मुलीद! ऐक, आमची मंडळी तुझ्या बसने येत नाहीत. का म्हणजे? अरे बाबा, तुझ्या बसमध्ये पाण्याची सोय कुठाय?"