फंडाचे पैसे आणि वरची खोली

ऑस्ट्रेलियात मी बेकरीत पाव भाजले. मेव्हण्यानं बोलावलं म्हणून गेलो. शिक्षण नव्हतं, हात चालत होते. तिथं पगाराबरोबर म्हातारपणासाठी फंड जमा व्हायचा. उज्जैनला कायमचे परतलो तेव्हा बायको म्हणाली, "त्याला हात लावू नका. मुलगी तिकडून आली की तिला गच्चीवर खोली पाहिजे. संडास-बाथरूम तिचं तिचं. त्यासाठी राहू दे."

खोली व्हायच्या आधी बायकोच गेली.

यंदा फंड काढला. त्यातले थोडे महाकालाला चढवून आलो. वाटलं, देवाला दिलं, आता कोणाला काय सांगायचं? शेजारी पण तेच म्हणाले, "काकासाब, वहाँ टैक्स लगा? नहीं ना? तो यहाँ काहे को बताना!" मला पटलं. टॅक्स गेला तर बाथरूम गेलं, सरळ गोष्ट.

एफडीच्या व्याजाचं रिटर्न मात्र दरसाल भरतो, म्हणून फ्रीगंजला सीएकडे गेलो. आमच्याच मराठी मंडळींतली पोरगी. तिनं विचारलं, "काका, बाहेरून यंदा काही आलं का?"

असंच आम्हाला सिडनीच्या विमानतळावर विचारायचे, दर खेपेला. खाण्याचं काही आणलंय का? बाकीचे लोक मान खाली घालून सुमडीत निघून जायचे. आमची बायको स्वतःहून बॅग उघडून उभी! मेथ्या, कढीपत्ता, गोडा मसाला, रतलामी शेव, सगळं टेबलावर मांडायची. रांग खोळंबायची, मी चिडायचो.

एकदा म्हणालो, "लाडू तरी राहू दे आत. महाकालाचा प्रसाद आहे, तो काय सांगायचा?"

"महाकालाचा आहे म्हणूनच सांगायचा," ती म्हणाली. "आणि तुम्ही गप्प उभे राहा. तुमचं थोबाड आधी बोलतं."

साहेबानं लाडू सोडले, कढीपत्ता कचऱ्यात टाकला. टॅक्सीत तिनं हात माझ्या नाकाशी धरला. "घ्या, वास तरी आणला." घरी पोचेपर्यंत मी तो हात सोडला नाही.

सीए पोरगी वाट बघत होती. म्हणालो, "आलंय. फंड काढला. पण महाकालाला चढवून आलोय."

ती हसली. "काका, महाकालाला कळलंय, पण आयकरला कळवावं लागतं ना. तिकडं टॅक्स नाही म्हणजे इकडं नाही, असं नसतं. तुम्ही आता इथले."

सगळं दाखवलं. टॅक्स बसला. शेजारी म्हणाले, "लो, खुद ही फँस गए!" म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं."

खोली झाली, बाथरूम नाही झालं. दिवाळीत मुलगी आली. सकाळी आईच्या चपला घालून फटक फटक जिना उतरायची आणि खालच्या बाथरूमचं दार बडवून ओरडायची, "बाबा, किती वेळ? निघा ना बाहेर!"

मी आत मुद्दाम जरा वेळ लावायचो. तिची आई पण अशीच दार बडवायची.