आईच्या कानाने घेतलेले स्पीकर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते तेव्हा लोकांना तो तोरा वाटतो. वाटू दे. घरात गाण्यांसाठी चांगला सेट घ्यायचं ठरवलं, तेव्हाही दुकानदाराच्या तोंडाकडे बघत बसणार नव्हते. आधी वाचून काढलं. ब्लूटूथवर आवाज दाबला जातो, म्हणून इंटरनेटवरून गाणं घेणारा स्ट्रीमर वायरने जोडायचा. त्यातल्या डिजिटल आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारा डॅक वेगळा घ्यायचा, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग स्पीकर. सगळ्यात जास्त फरक स्पीकरने पडतो, म्हणून ते कानाने ऐकूनच घ्यायचे. गाणी न दाबता पाठवणाऱ्या अ‍ॅपची वर्गणीही भरून टाकली.

हे सगळं एका गाण्यासाठी चाललं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार होते. काम जळलेल्या कोळशाची राख उपसायचं. सुटी झाली की गायन पार्टीत. जयंतीच्या दिवसांत पार्टीला गावोगावचं बोलावणं असे. आबा मुख्य गायक नव्हते, मागे कोरसमध्ये उभे राहायचे. पार्टीची एक कॅसेट निघाली, तिच्यावर त्यांचं नाव नाही. आबा गेले. पुढे टेप बंद पडला, कॅसेटला बुरशी आली. आणि अलीकडे कॅसेट कंपनीनेच मूळ टेपवरून ती गाणी नेटवर चढवली. आईला तिचा माणूस फोनमध्ये सापडला.

रोज दुपारी ती फोन कानाशी धरून बसायची. ध्रुवपद आलं की बोट वर. "हा बघ, समद्यांच्या वरचा. हा तुझा बाप." आबांचा आवाज दुसरीकडे कुठेही उरलेला नाही. तो तिला फोनच्या चिमटीएवढ्या स्पीकरमधून नको, घरभर ऐकू यावा, एवढंच माझ्या मनात होतं.

कॉलेज रोडच्या दुकानात ऐकायची वेगळी खोली होती. दुकानदाराने आम्हाला सोफ्यावर बसवून परदेशी पियानो लावला.

"कसं वाटतंय मावशी?"

"चांगलं हाय. पण याच्यात माणूस कुठाय?"

मी आमचं गाणं लावायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, रेकॉर्डिंग जुनं आहे. सेट कितीही भारी घेतला तरी त्यात जे आहे तेच ऐकू येणार."

"तेच ऐकायचंय," मी म्हटलं.

ध्रुवपद आलं आणि मी पुढे सरकून बसले. फोनमध्ये कोरसचा नुसता गोळा ऐकू यायचा. इथे माणसं सुटी झाली होती. आईचं बोट वर निघालं आणि अर्ध्यात थांबलं.

"हा नाय तो."

"म्हणजे?"

"ढोलकीवाल्याचा भाऊ हाय हा. नाकातनं गातो बघ."

परत लावलं. "मग आबा?" मी विचारलं.

"ऐकू येत नाय," ती म्हणाली.

दुकानदाराला काय समजलं कोण जाणे. त्याने घाईने स्पीकरची दुसरी जोडी लावली. "ही ऐका मावशी. हिचा आवाज जरा गोड आहे." त्या जोडीवर कोरस पुन्हा एकमेकांत मिसळला, नाकातला सूर बुजला, आणि सगळ्यांच्या वर तोच आवाज उभा राहिला, फोनमधला. एवढं वाचून-बिचून शेवटी मला ती झाकणारी जोडीच हवीशी वाटली.

"हीच घेऊ आई. गोड आहे."

"गोड घेऊन काय करू? दुसरीचा नवरा माझा म्हणून किती दिस ऐकू? पहिली घे."

"आणि त्यात आबा नसलेच तर?"

"नसला तर नसला. कळंल तरी."

पहिली जोडी घरी आली. मी स्वतः वायरी जोडल्या, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले. आई दुपारची समोर बसू लागली. एकेक माणूस ओळखून बाजूला काढू लागली. हा रिक्षावाला, वारला. हा मास्तर, कायमचा बेसूर. सगळे सापडत होते, आबा तेवढे नव्हते. मग ती ताटात अर्धं टाकून उठू लागली. दुकानात आपण हट्ट करून ती दुसरी जोडी घ्यायला हवी होती, असं मला रोज वाटायचं.

एका रविवारी तिने माझं मनगट धरलं.

"शेवटची ओळ ऐक."

ध्रुवपद चार ओळींचं. चौथी ओळ वर चढते आणि लांबते. मी ऐकलं. तिथे कोरस पातळ होत होता. खाली काहीतरी जाड धरलेलं होतं, ते सुटत होतं.

"एक जण गळाला ना? राखेनं छाती गेलेली त्याची. शेवटच्या ओळीला दम पुरायचाच नाय. लोकांना कळू नये म्हणून नुसतं तोंड हलवायचा. मला ठावं होतं. आन् मी येडी, वर गाणाऱ्यात हुडकत बसले."

आता परत लावल्यावर मलाही आबा सापडले. सगळ्यांच्या खाली, भरड, सुराला किंचित उतरलेले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी दम तुटतो, आणि मग नाहीत.

आईने पदर सारखा केला.

"लाव परत," ती म्हणाली. "आन् शेवटच्या ओळीच्या आधी बंद कर. तिथवर दम पुरतो त्याला."

मी फोन हातात घेऊन तिसरी ओळ संपायची वाट बघत बसले.