आप्पांच्या डोक्यावरचा टीव्ही

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईक सेट ठेवतं, बिघाड सांगतं आणि सांगता सांगता घरातली अर्धी भानगडही सांगून जातं! सेट परत जातो, भानगड आमच्याकडे राहते. नव्वदच्या दशकात मी सुरतेला, उधन्यात नानांच्या दुकानात सोल्डरिंग करत होतो. तेव्हा असे ढिगाने साचले. पण त्यातले सगळ्यात भारी खुद्द नानांच्या घरचे निघाले, त्याला आम्ही काय करणार!

नाना मूळचे खानदेशातले. त्यांचे थोरले भाऊ आप्पा, नाना त्यांना दादा म्हणत, पॉवरलूमवर कामाला होते. बीम, म्हणजे सुताचा तो जड रूळ, चढवताना घसरले आणि बीम पाठीवर आला. तेव्हापासून कमरेखाली काही हलत नाही. पाठ उचलायची नाही, कूस वळायची नाही; उताणं पडायचं आणि छत बघायचं. गल्लीतला एकमेव रंगीत टीव्ही त्यांच्याच घरात! मॅचला तीस माणसं खाटेभोवती बसायची आणि 'आप्पा, चौका गेला', 'आप्पा, आउट' असं सांगायची. पाठीपेक्षा आप्पांना हे जास्त दुखायचं.

"माले सांगू नका रे, माले देखनं शे!" एवढंच त्यांचं म्हणणं. मला त्यांची फार दया यायची आणि त्यांना दयेचा फार राग यायचा.

*

नानांचा पहिला उपाय आरशाचा. पंखा उतरवून त्याच्या हुकाला घरातला मोठा आरसा तिरका टांगला. पायाकडे टीव्ही, तोंडावर आरसा. मॅच सुरू झाली आणि आप्पा ओरडले, "नाना, हाई काय रे? अख्खी टीम उलटी लोंबकळी राह्यनी!"

खरंच! सगळ्यांची डोकी खाली, पाय वर. नानांनी खाट फिरवून आप्पांचं डोकं टीव्हीकडे केलं. चित्र सुलटं झालं, पण डावं-उजवं बदललं. फलंदाज डावखुरे झाले, तेही चाललं असतं. पण आपल्या एक्क्याऐंशी धावा झाल्या तेव्हा गल्ली टाळ्या वाजवत होती आणि आप्पा कपाळ बडवत होते. आरशात त्यांना 81 चे 18 दिसत होते!

"इतला वखत खेळीसन अठरा? आनि टाळ्या कसान्या?"

मे महिन्याच्या उकाड्यात गल्लीने पंख्याशिवाय तीन मॅच काढल्या. शेवटी आप्पांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, आरसा उतरवायला लावला. "मी भांग कशामां देखीसन पाडू?"

*

दोन-तीन वर्षांनी कुवेतहून आलेल्या एकाकडून नानांनी तळहाताएवढा टीव्ही घेतला. काळा-पांढरा. साड्यांच्या पार्सलचा पुठ्ठा कापून खोका केला, हिरे घासणाऱ्याकडून भिंगं आणली आणि साडीच्या फॉलच्या पट्टीने सगळं आप्पांच्या तोंडावर बांधलं. कानाजवळून अँटेना बाहेर!

सिग्नल मात्र एकाच दिशेला लागायचा. खाट फिरव फिरव करत आप्पांचे पाय दक्षिणेला आले तेव्हा कुठे चित्र थांबलं. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या कमळाबाई वाटीभर साखर मागायला दारात आल्या. पाहतात तर आप्पांचे पाय दक्षिणेला, तोंड झाकलेलं, हालचाल नाही. आम्ही चौघं माना खाली घालून उभे, कारण अँटेनाकडे बघत होतो!

बाईंनी जो टाहो फोडला! पाच मिनिटांत गल्ली जमली. कोणीतरी बांबू आणायला माणूसही धाडला. मग खोक्यातून आवाज आला, "चूप बठा ना! ओव्हर बाकी शे!"

बांबू परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. वहिनींनी त्यांवर कपडे वाळत घालायची दोरी बांधली.

*

दशक संपत आलं तेव्हा हिऱ्याच्या धंद्यातले एक शेठ दुकानात आले. हातात परदेशातून आणलेला टीव्हीचा चष्मा! डोळ्यांपुढे दोन चिमुकले पडदे, कानाला इअरफोन.

"आमां तो कंई देखातुं नथी!"

दिसणार कसं? एकशे दहा व्होल्टचं अडॅप्टर शेठनी आपल्या भिंतीतल्या दोनशेवीसमध्ये खुपसलं होतं. नानांनी अडॅप्टर बदललं, व्हीसीआर जोडला, कॅसेट लावली. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, म्हणून पहिला मान त्यांना.

वहिनींनी चष्मा लावला आणि एक पाऊल मागे सरकल्या. मग दुसरं. मग तिसरं.

"वहिनी, कुठे निघालात?"

"भाऊ, टीव्ही इतला जवळ देखू नही. डोया बिघडतस!"

पडदा काही लांब जाईना आणि वहिनी काही थांबेनात! वायर ताणली, व्हीसीआर टेबलावरून निघाला, मी झेप घालून पकडला. शेठ हात जोडून म्हणाले, "बेन, ऊभा रहो!"

*

मग चष्म्यासाठी दुकानात रांग लागली. एकाने लावायचा आणि बाकीच्यांना मोठ्याने सांगायचं, अशी पद्धत आपोआप पडली. मिलमधले एक जाडजूड मुकादम चष्मा लावून म्हणाले, "बाई नाचते."

"कशी नाचते?"

मुकादम उठले आणि चष्म्यासकट नाचून दाखवू लागले. रांगेतून आवाज आला, "चष्मा राहू द्या, हेच चालू द्या!"

शेठना मात्र चष्म्याने दहा मिनिटांत गरगरायचं. "राखो नानाभाई, पछी लई जईश," नंतर नेतो म्हणून गेले ते दोन महिने फिरकले नाहीत. नानांनी फोन करून विचारलं, एका फायनलपुरता घरी नेऊ का? शेठ म्हणाले, "लई जाव ने!"

*

फायनलच्या दिवशी आप्पांनी सकाळीच दाढी करून घेतली. चष्म्यावर थेट चॅनेल लागत नव्हतं, म्हणून दुकानातला व्हीसीआर आणून केबलची वायर त्यात घातली, पण त्या जुन्या व्हीसीआरचं चित्र बाहेर जायला एकच जागा शाबूत होती. चष्मा जोडला तर टीव्ही बंद, टीव्ही जोडला तर चष्मा बंद. आणि तीस माणसं येऊन बसलेली!

नानांनी गल्लीकडे एकदा पाहिलं आणि वायर चष्म्याला लावली. "आज मॅच दादानी शे."

मला वाटलं, आता उठतील. एकही उठला नाही. सगळे बंद टीव्हीकडे तोंड करून बसून राहिले आणि आप्पा खाटेवरून सांगू लागले. परदेशी यंत्राला आपल्याकडच्या केबलचे रंग पकडता येत नव्हते, चित्र काळं-पांढरंच दिसायचं, त्याची आप्पांना फिकीर नव्हती. हात हवेत फिरवत ते क्षेत्ररक्षण लावत होते, बॉलरला शिव्या देत होते. चौका गेला की आधी आप्पा ओरडायचे, मग गल्ली. इतकी वर्षं मी त्या घरात जात होतो, पण आप्पांना असं खूश कधी पाहिलं नव्हतं.

शेवटची ओव्हर. आप्पा एकेक चेंडू सांगत होते. दोन धावा. एक. मग चौका! शेवटच्या चेंडूवर तीन हव्या होत्या.

"निघना बॉलर... टाकाss..." आणि आप्पा गप्प.

"आप्पा, काय झालं?"

"गेला का चौका? आउट झाला का?" सगळी गल्ली गुडघ्यावर उठली. चष्म्याच्या खालून एक धार आप्पांच्या कानाकडे ओघळत होती. जिंकलो म्हणून की हरलो म्हणून, काही कळेना.

नाना खाटेवर वाकले आणि एका कानातला इअरफोन हळूच काढून म्हणाले, "दादा, सांग ना. काय व्हयनं?"

आप्पांनी चाचपडत त्यांच्या हातातून इअरफोन घेतला आणि परत कानात घातला.

"थांब रे," ते म्हणाले. "जरासं माले एकटाले देखू दे."